आवाजाचा धनी कोण?

आकाशवाणीवर एखादे गीत सुरू होते. निवेदकाने गायकाचे नाव सांगितले, तेव्हा आपले लक्ष दुसरीकडे होते. तरीही पहिली ओळ कानांवर पडताच आपण ते नाव बिनचूक सांगतो. हे कसे घडते, याचा विचार, वाचकहो, आपण क्वचितच करतो. शब्द कवीचे असतात, चाल संगीतकाराची असते, वाद्ये आणखी कोणी वाजवीत असतात. या सर्वांतून ज्या एका खुणेने आपण माणूस ओळखतो, ती खूण म्हणजे त्याचा गळा. जन्मतः लाभलेली घडण, वर्षानुवर्षांचा रियाझ, श्वासावरील ताबा आणि शब्द उच्चारण्याची धाटणी यांतून तो तयार झालेला असतो.

ही खूण आता यंत्राला उतरवून घेता येऊ लागली आहे. ज्या गायकाने जे गीत कधी गायिलेच नाही, ते त्याच्याच आवाजात ऐकविणे कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे शक्य झाले आहे. तेव्हा आवाजाचा धनी कोण, हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही. तो गायकाच्या अन्नाचा व अब्रूचा प्रश्न झाला आहे.

यंत्र आवाज कसा उचलते?

प्रथम गायकाची उपलब्ध ध्वनिमुद्रणे गोळा करून त्यांतून वाद्यांचा आवाज वेगळा काढतात. उरलेल्या आवाजाचे अतिसूक्ष्म तुकडे करून यंत्र त्यांचा अभ्यास करते. स्वर वर चढताना आवाजाचा पोत कसा बदलतो, ‘अ’ आणि ‘ओ’ कसे उमटतात, श्वास कोठे ऐकू येतो, कंप किती असतो, या साऱ्याचा आकड्यांच्या रूपाने एक साचा तयार होतो. पुढे दुसरा कोणीही आपल्या आवाजात गाऊन ते मुद्रण यंत्राच्या स्वाधीन करतो. चाल, लय आणि शब्द तेच राहतात. बदलतो तो केवळ गळा. हे करण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. घरचा संगणक आणि महाजालावर मिळणारी साधने एवढ्यावर काम भागते.

नक्कल जुनीच, मग नवे काय?

येथे कोणी म्हणेल की, संगीतात अनुकरण पूर्वापार चालत आले आहे. ते खरे आहे. गुरूसमोर बसून त्याची जागा न् जागा गळ्यात उतरविणे ही तर आपल्या शिक्षणाची पद्धतच आहे. बालगंधर्वांच्या गायकीचा ध्यास घेऊन महाराष्ट्रात गायकांच्या पिढ्या घडल्या. २०११ साली त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला, तेव्हा आनंद भाटे यांनी त्यातील पदे गायिली आणि रसिकांनी त्यांचे कौतुक केले. परंतु या अनुकरणात दोन गोष्टी उघड होत्या. गाणाऱ्याने त्यासाठी कष्ट केले होते आणि तो स्वतःच्या नावाने गात होता. श्रोत्याची फसवणूक कोठेही नव्हती.

कॅसेटींच्या जमान्यातही जुनी लोकप्रिय गीते नव्या गायकांकडून गाऊन घेऊन स्वस्तात विकण्याचा मोठा व्यापार झाला. कायद्याने त्यास मुभा दिली, पण अटी घालून. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१ क मध्ये या अटी सविस्तर आल्या आहेत. मूळ मुद्रणानंतर पाच वर्षे थांबावे, स्वामित्वधन आगाऊ भरावे, आणि वेष्टनावर मूळ गायकाचे नाव वा चित्र देऊन ग्राहकास भ्रमात पाडू नये, असे त्यांचे सार आहे. म्हणजे गीत पुन्हा गाता येते, परंतु दुसऱ्याच्या ओळखीवर माल विकता येत नाही, हे तत्त्व आपल्या कायद्यास अगोदरपासूनच मान्य आहे.

कायद्यातील फट

आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा आहे. त्याने गीतकारास शब्दांवर, संगीतकारास चालीवर आणि निर्मात्यास ध्वनिमुद्रणावर हक्क दिला. गाणारा मात्र पुष्कळ वर्षे बाहेरच राहिला. १९९४ च्या दुरुस्तीने त्यास ‘सादरकर्त्याचा हक्क’ मिळाला आणि २०१२ मध्ये त्याची व्याप्ती वाढली. आपल्या गायनावर आपले नाव असावे आणि प्रतिष्ठेस बाध येईल अशी मोडतोड त्यात कोणी करू नये, असा आग्रह धरण्याचा अधिकार गायकास लाभला. सादरीकरणाच्या पुढील वर्षापासून पन्नास वर्षे हा सादरकर्त्याचा हक्क चालतो.

परंतु हा सारा अधिकार एखाद्या प्रत्यक्ष गायनास चिकटलेला आहे. जे गायन झालेच नाही, त्याचे काय? यंत्राने जुळविलेल्या नव्या गीतात गायकाचे एकही जुने मुद्रण जसेच्या तसे नसते. आवाज त्याचा, पण गायन त्याचे नव्हे! या फटीतूनच नक्कल करणारा निसटू पाहतो.

अमेरिकेतील एक खटला

ही फट यंत्राच्याही आधी दिसून आली होती. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील फोर्ड मोटार कंपनीच्या एका जाहिरातीसाठी बेट मिडलर या प्रसिद्ध गायिकेस विचारणा झाली. तिच्या बाजूने नकार आला. तेव्हा जाहिरात संस्थेने तिच्याच साथीला पूर्वी गात असलेल्या एका गायिकेस बोलाविले आणि हुबेहूब मिडलरसारखे गाण्यास सांगितले. गीताच्या मालकाची परवानगी रीतसर घेतलेली होती. जाहिरातीत मिडलरचे नाव वा चित्रही नव्हते. तरीही ऐकणाऱ्यांना वाटले की, तीच गात आहे.

खालच्या न्यायालयात मिडलर हरली. १९८८ साली अपील न्यायालयाने मात्र तिची बाजू उचलून धरली. चेहऱ्याप्रमाणेच आवाजही माणसाची स्वतःची खूण आहे. नामांकित गायकाचा वैशिष्ट्यपूर्ण आवाज माल विकण्यासाठी जाणूनबुजून उचलणे हे दुसऱ्याची वस्तू घेण्यासारखेच आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. पुढे ज्यूरीने तिला चार लाख डॉलर भरपाई ठरविली. प्रत्येक नकलेस हा नियम लागू नाही, हेही त्या न्यायालयाने स्पष्ट केले. थट्टा, विडंबन आणि कलेतील अनुकरण यांस जागा राहिलीच पाहिजे.

मुंबईतील दोन आदेश

आपल्याकडे या विषयाला बळ मिळाले ते २०१७ साली. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे त्या वर्षी ठरविले. २०२२ मध्ये अमिताभ बच्चन यांच्या आणि २०२३ मध्ये अनिल कपूर यांच्या प्रकरणांत दिल्ली उच्च न्यायालयाने नाव व छबी यांच्या जोडीने आवाजासही संरक्षण दिले. गायकाच्या आवाजाचा नेमका प्रश्न उभा राहिला तो मुंबई उच्च न्यायालयात.

अरिजीत सिंह हे आपल्या पिढीतील अत्यंत लोकप्रिय पार्श्वगायक. कोणाचेही बोलणे वा गाणे आपल्या आवाजात बदलून देणारी साधने परवानगीवाचून महाजालावर चालविली जात आहेत, अशी तक्रार घेऊन ते न्यायालयात गेले. २६ जुलै २०२४ रोजी न्यायमूर्ती रियाझ छागला यांनी अंतरिम मनाईचा आदेश दिला. त्यातील एक मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. नकली गीत तयार करणारा तर दोषी ठरतोच. परंतु संमतीवाचून कोणताही आवाज नामांकित व्यक्तीच्या आवाजात बदलण्याचे साधन लोकांच्या हाती देणे, हेही तिच्या व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचे उल्लंघन होय, असे न्यायालयाने म्हटले. टीका व भाष्य करण्याचे स्वातंत्र्य सर्वांस आहे, परंतु त्याच्या आडून दुसऱ्याच्या ओळखीवर पैसा मिळविण्याचा परवाना कोणास मिळत नाही, असेही न्यायालयाने बजाविले.

पुढल्याच वर्षी हाच प्रश्न आशा भोसले यांनी मांडला. १९४३ साली ‘माझा बाळ’ या मराठी चित्रपटापासून सुरू झालेली त्यांची गानसाधना आणि यंत्राचा क्षणात तयार होणारा साचा, हे दोन्ही जणू न्यायालयात समोरासमोर उभे राहिले. त्या वेळी आशाताईंचे वय ९२ वर्षांचे होते. २९ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायमूर्ती आरिफ डॉक्टर यांनी त्यांच्या बाजूने अंतरिम संरक्षणाचा आदेश दिला. प्रतिवाद्यांत एक अमेरिकन कंपनीही होती. महाजालाला देशाची वेस नाही, याची ही जाणीवच म्हणावयाची.

जे न्यायालयापर्यंत पोहोचत नाहीत

हे आदेश स्वागतार्ह असले, तरी त्यांच्या मर्यादाही ध्यानी घ्याव्यात. ते अंतरिम आहेत. शिवाय व्यक्तिमत्त्वाचा हक्क मागणाऱ्यास आपली कीर्ती आणि तिचे व्यापारी मोल दाखवावे लागते. नामांकितास ते सोपे आहे. परंतु समूहगायनात उभी राहणारी गायिका, पोवाडा गाणारा शाहीर, गावोगाव फिरणारा कीर्तनकार, चित्रपटांना आवाज देणारा कलावंत यांनी काय दाखवावे? त्यांचाही गळा तितकाच त्यांचा आहे आणि यंत्र नावलौकिक पाहून आवाज उचलीत नाही.

दुसरा प्रश्न दिवंगतांचा. सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांनी केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये असे मत दिले की, खासगीपणाचे व प्रसिद्धीचे हक्क व्यक्तीबरोबरच संपतात. ते वारसांकडे जात नाहीत. मग गेलेल्या गायकाचा आवाज कोणीही उचलावा काय? अमेरिकेतील टेनेसी राज्यात हे हक्क वारसांकडे जातात, आणि तेथे १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या कायद्याने आवाज व त्याची कृत्रिम नक्कल यांचाही त्यांत समावेश केला आहे. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा संसदेनेच करावयास हवा.

कायदा येईपर्यंत सभ्यतेचा मार्ग मात्र मोकळा आहे. २०२४ साली ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटातील एका गीतासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राच्या साह्याने वापरले. दोघांच्या कुटुंबीयांची संमती घेऊन त्यांस मोबदलाही दिल्याचे त्यांनी जाहीर केले. त्याच सुमारास एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या कुटुंबीयांना मात्र, त्यांचा आवाज विनापरवानगी वापरला गेल्याची तक्रार करीत एका तेलुगू चित्रपटाच्या निर्मात्यांस नोटीस पाठवावी लागली. यंत्र तेच होते. अंतर पडले ते विचारण्याचे आणि न विचारण्याचे.

आपण काय करावे?

आपल्या घरात कोणी गाणारे असेल, तर ध्वनिमुद्रणाच्या करारावर सही करण्यापूर्वी तो शांतपणे वाचावा. कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी व सहीनिशी असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षांची धरली जाते. आवाजाचा यांत्रिक साचा करण्यास आपली संमती आहे किंवा नाही, हे स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे. मूळ मुद्रणे तारखेसह जपावीत. आपल्या आवाजाची नक्कल आढळली, तर तिचा महाजालावरील पत्ता, दिनांक व प्रत प्रथम जतन करावी, संबंधित संकेतस्थळाकडे लेखी तक्रार करावी आणि मग वकिलाचा सल्ला घ्यावा.

आणि आपण केवळ श्रोते असलो, तर? एखाद्या गायकाच्या आवाजातील अनपेक्षित नवे गीत हाती आले की, ते पुढे धाडण्यापूर्वी त्यावर गायकाचे व निर्मात्याचे नाव आहे काय, हे पाहावे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये मांडलेल्या नियमांच्या मसुद्याचाही हाच विचार होता की, यंत्रनिर्मित मजकुरावर तशी ठळक खूण असावी. नकली मालाला गिऱ्हाईक मिळाले नाही, तर त्याचे दुकान फार काळ चालत नाही. ज्या आवाजांनी आपल्याला जन्मभर आनंद दिला, त्यांच्या धन्यांस विचारल्यावाचून ते वापरू नयेत, एवढे सौजन्य पाळण्यासाठी आपल्यापैकी कोणालाही न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.