प्राध्यापकांचे सहअध्ययन समूह

प्राध्यापकांचे सहअध्ययन समूह म्हणजे महाविद्यालयीन अध्यापकांचे स्वेच्छेने एकत्र आलेले छोटे गट होत. सदस्य नियमितपणे भेटून अध्यापनातील नव्या तंत्रसाधनांचा वापर परस्परांकडून शिकतात. त्यांत व्याख्याता व श्रोता अशी कायमची विभागणी नसते.

पार्श्वभूमी

नवी गोष्ट स्वीकारताना माणूस आपल्यासारख्याच परिस्थितीतील परिचिताच्या अनुभवावर अधिक विसंबतो, असे एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवले. जीन लेव्ह व एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये समूहात काम करताकरता घडणाऱ्या शिक्षणाची मीमांसा केली.

भारतात १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अकादमिक स्टाफ कॉलेजे स्थापन झाली. त्यांचे उद्बोधन व उजळणी वर्ग ठरावीक मुदतीचे असत. वर्ग संपल्यावर प्रत्यक्ष अध्यापनात येणाऱ्या अडचणींसाठी जवळच्या सहकाऱ्याची गरज उरते. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पातील छोट्या चित्रफिती मराठीतही उपलब्ध असून समूहाला अभ्याससाहित्य म्हणून उपयोगी पडतात.

खानदेशातील संदर्भ

जळगाव येथील कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना १५ ऑगस्ट १९९० रोजी झाली. जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. लहान महाविद्यालयात एखाद्या विषयाचा एकच अध्यापक असल्यास समूह विषयापुरता न ठेवता आंतरविद्याशाखीय करणे, किंवा शेजारच्या महाविद्यालयांना जोडून घेणे सोयीचे ठरते. उदाहरणार्थ, भूगोलाचा अध्यापक तापी व पांझरा खोऱ्यांची उपग्रहचित्रे वापरून दाखवू शकतो, तर मराठीचा अध्यापक अहिराणी मौखिक साहित्याचे ध्वनिमुद्रण व जतन शिकवू शकतो.

कार्यपद्धती

प्रत्येक सदस्य आपल्या अध्यापनातील एक अडचण मांडतो, त्यासाठी एकच साधन निवडतो, ते वर्गात वापरतो आणि पुढील बैठकीत अनुभव सांगतो. फसलेला प्रयोगही चर्चेस घेतला जातो. ज्येष्ठ अध्यापकांना तरुण सहकाऱ्यांपुढे अज्ञान प्रकट करण्याचा संकोच वाटतो. तरुणांना मात्र विषय सोपा करून मांडण्याची ज्येष्ठांची हातोटी हवी असते. ही देवाणघेवाण दुहेरी राहिल्यास संकोच ओसरतो.

मर्यादा

वेळापत्रकात बैठकीस जागा नसल्यास समूह विस्कळीत होतो. उपस्थिती सक्तीची केल्यास तो केवळ कागदावर उरतो. विद्यार्थ्यांजवळ साधन किंवा जोडणी नसेल, तर अध्यापकाचे कौशल्य त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून कमी खर्चाची व जोडणीविना चालणारी साधने निवडणे इष्ट ठरते.