मालवणचे प्रवाळ: पाहावेत, पण पाय टेकवू नये

रायपूर: छत्तीसगडला समुद्रकिनारा नाही. रायपूरमध्ये पोहायला शिकणाऱ्यांचा सराव तलावाच्या किंवा तरणतलावाच्या स्थिर पाण्यात होतो. त्यामुळे सुट्टीत कोकणात जाणाऱ्या येथील मराठी कुटुंबांना मालवणचे स्नॉर्केलिंग जितके आकर्षक वाटते, तितकेच ते अपरिचितही असते. रेल्वेने सुमारे १,१०० किलोमीटरवरील मुंबई गाठायची, तेथून कोकण रेल्वेने कुडाळला उतरायचे आणि पुढे रस्त्याने मालवणला पोहोचायचे, असा हा प्रवास आहे. एवढ्या लांबून जे पाहण्यासाठी जायचे, ते टिकणे काही अंशी पाहणाऱ्याच्या हाती असते.

मालवणसमोरील कुरटे या खडकाळ बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बांधकामास प्रारंभ केला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या १२ किल्ल्यांमध्ये त्याचा समावेश आहे. तटाबाहेर पाण्याखाली गेलेल्या खडकांवर प्रवाळांच्या वसाहती आहेत. या परिसरातील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले.

प्रवाळ दगडासारखे दिसत असले, तरी ते प्राणी आहेत. असंख्य सूक्ष्म जीव एकत्र राहून चुन्याचा सांगाडा उभारतात. त्यांच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवाले सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा प्रवाळांना मिळतो. म्हणूनच प्रवाळ उथळ, प्रकाश पोहोचणाऱ्या पाण्यात वाढतात आणि पाणबुड्याचे प्रशिक्षण न घेतलेल्या पर्यटकालाही ते दिसू शकतात. मात्र गोलाकार, टणक प्रवाळांची वाढ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर एवढीच असते. पायाखाली एका क्षणात मोडलेला भाग भरून येण्यास अनेक वर्षे लागतात.

स्नॉर्केलिंगमध्ये पर्यटक पालथे तरंगत नळीतून श्वास घेतो. डोळ्यांसमोर हवेचा थर राहिला तरच पाण्याखालील वस्तू स्पष्ट दिसतात; मास्क हा थर राखतो. मात्र प्रकाशकिरण वाकत असल्याने वस्तू प्रत्यक्षापेक्षा जवळ आणि सुमारे एक तृतीयांश मोठ्या भासतात. नवख्या पर्यटकाचा अंदाज चुकतो. तो घाबरून पाय खाली सोडतो आणि नेमका खडकावर उभा राहतो. त्यात प्रवाळ मोडतात आणि खडकांना चिकटलेल्या कालवांच्या धारदार कडांनी पायही कापतात. लाइफ जॅकेट घातल्यास उभे राहण्याची गरज भासत नाही. प्रवाळ व पर्यटक या दोघांचेही त्यात रक्षण होते.

तलाव आणि समुद्र यांतील मोठा फरक भरती-ओहोटीचा आहे. मालवणच्या किनाऱ्यावर साधारणपणे दिवसातून दोन वेळा भरती येते आणि तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते व प्रवाह जोरात वाहतात. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असल्याने पाणी तुलनेने शांत राहते. पावसाळ्यात खवळलेला समुद्र आणि नद्यांतून येणारा गाळ यांमुळे हा उपक्रम बंद असतो. स्वच्छ पाण्यासाठी हिवाळ्याचे महिने अधिक अनुकूल मानले जातात. पाण्यात उतरण्याची वेळ ठरवताना स्थानिक नावाड्याचा सल्ला मानणे हिताचे ठरते.

प्रवाळांपुढील संकट केवळ पर्यटकांचे नाही. पाणी नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा सुमारे एक अंश सेल्सिअसने अधिक तापून काही आठवडे तसेच राहिल्यास प्रवाळांतील शैवाले निघून जातात आणि प्रवाळ पांढरे पडतात. जगभरात अशी चौथी व्यापक घटना सुरू असल्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले. उष्णतेने दुबळे झालेले प्रवाळ सावरू शकतात. पण त्यासाठी त्यांना इतर आघातांपासून दूर ठेवावे लागते.

टणक प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने, संरक्षण आहे. ते तोडणे किंवा आठवण म्हणून तुकडा घरी नेणे हा गुन्हा आहे. प्रवाळांवर नांगर टाकण्याचा आग्रह नावाड्याकडे धरू नये आणि माशांना खाद्य घालू नये. समुद्राचे तापमान पर्यटकाच्या हाती नाही. आपला पाय कोठे पडतो, हे मात्र निश्चितच त्याच्या हाती आहे.