इंजिन मोठं झालं, पॉवर तेवढीच राहिली! मग बँडिट १२५०एसमध्ये बदललं काय?
बाईक किती सीसीची आणि पॉवर किती? बाईकवरची चर्चा बहुतेक वेळा या दोन आकड्यांवरच संपते. सुझुकीच्या बँडिट १२५०एसबाबत मात्र हेच आकडे फसवे ठरतात.

युरोपातल्या 'युरो ३' प्रदूषण नियमांमुळे २००७ मध्ये सुझुकीने बँडिटचं जुनं ११५७ सीसीचं इंजिन बदललं. नवं इंजिन १२५५ सीसीचं, लिक्विड कूल्ड आणि फ्युएल इंजेक्शनवालं होतं. तरी पॉवर जवळपास तेवढीच राहिली, ९८ पीएस.

खरा बदल झाला टॉर्कमध्ये, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोरात. तो १०८ न्यूटन मीटरवर गेला आणि तोही अवघ्या ३,७०० आरपीएमला. जुन्या बँडिटचा कमाल टॉर्क ६,५०० आरपीएमच्या आसपास मिळायचा. त्यामुळे ओव्हरटेक करताना किंवा मागे माणूस आणि सामान घेऊन घाट चढताना सारखा गिअर कमी करावा लागत नाही.

नावातला 'एस' हाफ फेअरिंगवाल्या मॉडेलचा. हे फेअरिंग हायवेवर छातीवर येणारा वारा अडवतं, इंजिन मात्र उघडंच राहतं.

अर्थात, टाकी भरल्यावर वजन २५० किलोच्या घरात जातं. पार्किंगमध्ये बाईक ढकलताना ते जाणवतंच. शिवाय टॉप स्पीडमध्ये ती सुपरबाईकला गाठू शकत नाही.

म्हणूनच बाईक निवडताना पॉवरसोबत टॉर्क बघा आणि तो किती आरपीएमला मिळतो, हेही बघा. रोजच्या रस्त्यावर तोच आकडा जास्त कामाला येतो.