विहिरीवरच्या लिंबोणीतले घरटे

आपल्या विहिरीवरची लिंबोणी किंवा परसातली मेंदी जरा न्याहाळा. काळ्या तुऱ्याचा, शेपटीखाली लाल डाग असलेला बुलबुल चोचीत काडी धरून तिथे सारखा शिरत असेल, तर त्याचा संसार मांडला जातो आहे असे समजा. मात्र फांद्या सारून बघू नका. घरटे पुरे होण्याआधी वर्दळ झाली, तर हा पक्षी जागाच सोडतो.

वाटीसारखे घरटे असते, काड्या-मुळ्यांचे. आत बहुधा दोन-तीन अंडी, गुलाबी झाकेची, वर तांबूस ठिपके.

मागच्या उन्हाळ्यात अशा घरट्याशी मी सकाळ-संध्याकाळ जाऊन उभा राहत असे. आठ दिवसांत गवतात पायवाट पडली. नवव्या दिवशी घरटे कललेले, आत काही नाही. मांजर की मुंगूस, कोण जाणे. वाट मात्र मीच पाडली होती.

म्हणून आता काठीला लहान आरसा बांधतो. पाखरू चरायला गेले की दुरूनच आरसा वर धरायचा, अंडी मोजायची आणि न थांबता पुढे निघून जायचे, आल्या वाटेने परतायचे नाही. भर उन्हात, पावसात किंवा जवळ कावळा बसला असताना जायचेच नाही. आणि हो, ज्याचे दर्शन आपण शुभ मानतो तो भारद्वाजही अंडी-पिले खाण्यात पटाईत आहे बरे!

वहीत तारीख, झाड, जमिनीपासूनची उंची आणि अंडी किती, एवढे लिहिले तरी पुष्कळ. डॉ. सालिम अलींनी १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीमला असेच रोज बसून सुगरणीची घरटी पाहिली. एकच नर अनेक घरटी विणतो आणि मादी त्यातले पसंत करते, हे त्यांनी नोंदींवरून दाखवले. नावाला सुगरण, विणणारा नर!

पोरांना वही जरूर द्या, पण अंड्यांना हात लावू देऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपाखरांची अंडी फोडणे, घरटी छेडणे हा गुन्हा आहे. पिलांना पिसे फुटली की आरसाही नको. ती भिऊन अवेळी उड्या टाकतात.

तारीख लिहिलेली असली की कामाचेही गणित बसते. अंडी उबायला सुमारे दोन आठवडे, पिले बाहेर पडायला आणखी बारा-चौदा दिवस. लिंबोणीची छाटणी तेवढा महिनाभर पुढे ढकला.