इंग्रजीच्या तासाला आम्ही उड्या का मारतो?

आमच्या खिडकीतून डोकावणाऱ्याला वाटते, की इंग्रजीच्या तासाला चौथीची मुले नुसता धिंगाणा घालतात. परवा आजोबांनी माझी वही बघितली आणि विचारले, "पान कोरे कसे गं? बाई शिकवतात की नाही?" म्हणून हा लेख लिहिला आहे.

आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी ते पाचवीत सुरू होई. आजोबा शब्द आणि अर्थ घोकत. आम्हीपण आधी बाईंच्या मागून सगळे एकदम म्हणायचो. तेव्हा माझे नुसते ओठ हलायचे, आवाज बाकीच्यांचा! एकटीला उभे केले की घसा कोरडा पडायचा, कारण चुकले की मुले हसायची.

आता बाई "वॉक" म्हणतात आणि स्वतः चालतात. मग आम्ही चालतो. "स्टॉप" म्हटले की थांबायचे. "टच द वॉल" म्हटले की भिंतीला हात लावायचा. बोलायची सक्ती नाही. कोणी चुकून फळ्याकडे पळाले तर बाई रागावत नाहीत, पुन्हा करून दाखवतात. "वॉक" आणि "डोअर" दोन्ही समजले की एक दिवस बाई "वॉक टू द डोअर" म्हणतात. हे वाक्य आधी कधी ऐकलेले नसते, तरी पाय बरोबर दाराकडे जातात! शेवटी "शिवाजी म्हणतो" हा खेळ इंग्रजीतून होतो. त्यात मात्र मी लवकर बाद होते.

ही पद्धत अमेरिकेतील जेम्स आशर या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९६० नंतर मांडली. त्यांचे म्हणणे असे, की लहान मूल आधी पुष्कळ ऐकते, सांगितलेले करते आणि मग बोलते. हे मला लगेच पटले. माझा धाकटा भाऊ अजून नीट बोलत नाही, पण "तांब्या आण" म्हटले की तांब्याच आणतो.

काल, उद्या असले शब्द मात्र उड्या मारून कळत नाहीत. त्यासाठी बाई जोड्या लावतात. एकाने विचारायचे, दुसऱ्याने सांगायचे. मला ते एवढे आवडत नाही, माझी जोडीदारीण रोज एकच प्रश्न विचारते.

थोड्या दिवसांनी आमच्यातलेच कोणीतरी बाई होते. सोमवारी माझी पाळी आली. मी "जंप!" म्हटले आणि सगळा वर्ग उडाला, बाईसुद्धा!

घरी येऊन आजोबांना म्हटले, "सिट डाउन." ते आधीच बसलेले होते. मग हाताने खूण करून "स्टँड अप" म्हटले. ते काठी टेकत उठले आणि म्हणाले, "बरं, आता पुढे काय?"