कोच कोण हवा? नावाचा की कामाचा?

वर्षावासाचे दिवस. विहारात संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन संपले, वंदना झाली, आयाबहिणी घराकडे निघाल्या, की आमच्या बीडच्या वस्तीतली पोरं विहाराच्या कट्ट्यावर जमतात. २०२५च्या जुलैअखेरीस या कट्ट्यावर एकच वाद पेटला होता. तो निवडणुकीचा नव्हता की जयंतीच्या वर्गणीचाही नव्हता. भारताच्या फुटबॉल संघाचा कोच कोण व्हावा, हा तो वाद!

आपल्या भागात फुटबॉल म्हणजे शाळेच्या कपाटातला हवा गेलेला चेंडू. तिथली पोरं राष्ट्रीय संघाच्या कोचवरून तासन्‌तास भांडतात, हे पाहून आम्हाला आधी हसू आले. मग आम्हीही कट्ट्यावर टेकलो. ऐकता ऐकता लक्षात आले, की वाद फुटबॉलचा असला तरी प्रश्न आपल्याच समाजाचा आहे. माणूस निवडायचा तो कशावरून?

उमेदवार तीन, मते तीस

झाले होते असे. स्पेनचे मनोलो मार्केझ हे भारताचे कोच होते. त्यांच्या काळात आठ सामन्यांत एकच विजय मिळाला. जून २०२५मध्ये हाँगकाँगकडूनही संघ हरला आणि जुलैच्या सुरुवातीला महासंघ व मार्केझ परस्पर संमतीने वेगळे झाले. रिकाम्या जागेसाठी १७० अर्ज आले. त्यांत पेप गार्डिओला आणि झावी या जगप्रसिद्ध माणसांच्या नावांचेही अर्ज होते. आमची पोरं नाचायचीच बाकी राहिली! पण ते अर्ज खरे नसल्याचे महासंघाने जाहीर केले. कुणीतरी खोडी काढली होती. मोठे नाव दिसले की आपण किती लवकर भुलतो, याचा हा पहिला धडा.

महासंघाच्या तांत्रिक समितीने तीन नावे पुढे ठेवली. समितीचे अध्यक्ष होते आय. एम. विजयन. लहानपणी त्रिशूरच्या मैदानावर सोड्याच्या बाटल्या विकणारा हा मुलगा पुढे भारताचा कर्णधार झाला. तीन नावांपैकी पहिले स्टीफन कॉन्स्टंटाइन. हे इंग्लिश गृहस्थ दोन वेळा भारताचे कोच होते आणि दुसऱ्या खेपेस त्यांनी संघाला २०१९च्या आशिया चषकापर्यंत नेले. दुसरे स्लोव्हाकियाचे स्टेफान टारकोविच, ज्यांनी आपल्या देशाचा संघ युरो स्पर्धेत उतरवला. तिसरे खालिद जमील. यांचा जन्म कुवेतचा, पण खेळाडू आणि कोच म्हणून घडले ते मुंबईत.

कट्ट्यावर दोन तट पडले. एक म्हणे, "गोऱ्याशिवाय फुटबॉल येत नसतो." दुसरा म्हणे, "आपला माणूस आहे, आपलाच पाहिजे." आम्ही विचारले, "अरे, या तिघांनी आजवर काय काम केलं, ते कुणी सांगेल का?" क्षणभर सगळे गप्प!

निजामाच्या राज्यातला मास्तर

'आपल्या माणसाला जमत नाही' म्हणणाऱ्यांना आम्ही एक जुनी गोष्ट सांगितली. आपला बीड जिल्हा १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्याच हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे शाळामास्तर. त्यांनी हैदराबाद सिटी पोलीस संघाला असे तयार केले, की १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक याच संघाकडे राहिला. त्यांच्याच हाताखाली भारताने १९५१ साली दिल्लीत आणि १९६२ साली जकार्तात आशियाई सुवर्णपदक जिंकले. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो. १९६३ साली कर्करोगाने रहीमसाहेब गेले. त्यानंतर फुटबॉलचे आशियाई सुवर्ण भारताला पुन्हा मिळालेले नाही. 'मैदान' या चित्रपटामुळे आताच्या मुलांना ते नाव कळले. ते मोठे झाले ते हैदराबादचे म्हणून नव्हे. कुणाला कुठे खेळवायचे हे त्यांना कळत होते, आणि मुले घडवायचा धीर त्यांच्यापाशी होता.

जमील यांचेही काम पाहा. मिझोरामचा ऐझॉल संघ साखळीतून खाली घसरला होता. काही संघांनी माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा प्रवेश मिळाला. त्याच संघाला जमील यांनी २०१७ साली आय-लीगचे विजेते केले. ईशान्य भारतातल्या संघाने हे जेतेपद मिळवण्याची ती पहिलीच वेळ. ना पैसा, ना बडे खेळाडू, तरी हे घडले.

१ ऑगस्टला आम्ही अण्णाभाऊ साठे जयंतीच्या कार्यक्रमात होतो. त्याच दिवशी जमील यांची निवड जाहीर झाली. तेरा वर्षांनी भारतीय माणूस या जागेवर आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही म्हटले, टाळ्या जरूर वाजवा, पण भारतीय म्हणून नको, ऐझॉलसाठी वाजवा.

कालामांचा प्रश्न

वर्षावासात कालाम सुत्त आपण ऐकतोच. कालामांनी तथागतांना विचारले, की अनेक जण येतात, प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, तर आम्ही कोणाचे मानावे? तथागतांच्या उत्तराचा सार असा, की परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा नामांकित आहे म्हणून मानू नका. स्वतः पारखून घ्या, हिताचे असेल तर धरा, अहिताचे असेल तर सोडा. कोच निवडायला याहून चांगला निकष कोणता?

आणि जन्म पाहून निवड केली की काय होते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. चांभार समाजातले पाळवणकर बाळू हे त्या काळातले थोर गोलंदाज. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरीही मुंबईच्या स्पर्धेत हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी दिले गेले नाही. त्यांचे बंधू विठ्ठल १९२३ साली कर्णधार झाले, तेही मोठ्या वादानंतर. ज्यांच्यावर हा अन्याय झाला, त्यांनी तरी तीच चूक उलट्या बाजूने करू नये. 'परका म्हणून नको' हे जितके चूक, तितकेच 'आपला म्हणून हवा' हेही चूक.

कोच म्हणजे काय, हे समजायला बीडकरांना दिल्ली गाठायची गरज नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे फौजेत, महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला. सियाचीनच्या बर्फात आणि राजस्थानच्या वाळवंटात त्याने नोकरी केली. त्याला ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळवले ते फौजेतले कोच अमरीश कुमार यांनी. २०१८ साली अविनाशने ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला, २०२२मध्ये राष्ट्रकुल रौप्य आणि २०२३मध्ये आशियाई सुवर्ण मिळवले. पाय अविनाशचेच होते, कष्टही त्याचेच. पण त्या पायांची शर्यत कोणती, हे ओळखणारा डोळा कोचचा होता. कोच हा मार्गदाता. चालायचे असते ते आपल्यालाच.

मग आमच्या वस्तीत काय झाले?

इतकी चर्चा झाल्यावर पोरं म्हणाली, "काका, देशाला कोच भेटला. आपल्याला कुठंय?" खरेच होते. तरुण मंडळाने ठरवले, की वस्तीतल्या मुलांना शिकवायला माणूस नेमू, लोकवर्गणीतून थोडे मानधन देऊ. येथेही तीन नावे आली. एक शहरातले गृहस्थ होते. ट्रॅकसूट झकास, पुढाऱ्यांबरोबर फोटो भरपूर. दुसरा आमच्या एका जुन्या कार्यकर्त्याचा भाचा. तिसरी वस्तीतलीच एक मुलगी. आईबाप ऊसतोडीला जाणारे, हिने मात्र बी.पी.एड. केलेले, विद्यापीठाच्या संघातून खेळलेली.

आता कबुली देतो. आमच्याच तोंडून निघून गेले, "कार्यकर्त्याचा भाचा आहे, त्यालाच घेऊ." त्यावर एक दहावीतला पोरगा म्हणाला, "काका, परवा कालामांचं तुम्हीच सांगत होता ना?" आम्ही खाली मान घातली.

मग पोरांनी वहीच्या पानावर पाच प्रश्न काढले आणि तिघांना तेच विचारले. आजवर कुणाला शिकवले? रोज येणार का? चुकलेल्या पोराला मारणार की समजावणार? मुलींना शिकवणार का? आणि पाचवा प्रश्न खास बीडचा : दिवाळीच्या सुमारास निम्मी पोरं आईबापांबरोबर उसाला गेली, की काय करणार?

ट्रॅकसूटवाले म्हणाले, "मग बंद ठेवू." भाचा म्हणाला, "तेव्हाचं तेव्हा बघू." ती मुलगी म्हणाली, "मी स्वतः कोप्यांवर वाढले. जी पोरं आजीजवळ राहतील त्यांना इथं शिकवीन. जी जातील त्यांना व्यायाम लिहून देईन. चेंडू नसला तरी पळता येतं." तिने कधी कुणाला शिकवलेले नव्हते. ते तिने लपवले नाही. "बाईमाणूस पोरांना काय शिकवणार?" असे दोघा-तिघांनी म्हणून पाहिले. पोरांनी प्रश्नांचे पान त्यांच्यापुढे धरले. एक वर्षासाठी तिची निवड झाली.

हार झाली, आता काढा?

जमील यांची सुरुवात चांगली झाली. मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानला हरवून भारत तिसरा आला. पण १४ ऑक्टोबरला, आपण धम्मदीक्षेचा दिवस साजरा करीत असताना, मडगावला सिंगापूरकडून भारत १-२ असा हरला आणि २०२७च्या आशिया चषकाची वाट बंद झाली. कट्ट्यावर लगेच, "काढा याला!"

आमच्या वस्तीचा संघही पहिल्याच सामन्यात हरला. तेव्हाही हेच झाले. ऊसतोडीमुळे अर्धा संघ गावात नव्हता, पण हे बोलणाऱ्यांना आठवले नाही. शेवटी पोरांनीच ठरवले, की हिशेब वर्षाने घ्यायचा आणि त्याच पाच प्रश्नांवर घ्यायचा. किती मुले टिकली, किती मुली आल्या, मार कुणी खाल्ला का, हे पाहायचे. काम खोटे ठरले तर बदलायचे, एका हारीने नाही.

त्या मुलीकडे आता पाच मुली येतात. त्यांतल्या एकीच्या लग्नाचे घरात घाटत होते. ती म्हणाली, "आधी ताईसारखं बी.पी.एड. करते." तूर्त लग्न थांबले आहे. आमच्या मते त्या निवडीचा हा पहिला गोल.

माता-पित्यांना एकच विनंती. मूल मैदानावर गेले की वाया गेले, असे समजू नका. खेळाडू सगळेच होत नाहीत. पण बी.पी.एड., पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था, फुटबॉल कोचिंगचे परवाने, या वाटांनी आपली मुलेमुली शिकवणारी होऊ शकतात. आजवर आपण दुसऱ्यांच्या निवडीवर चर्चा करीत आलो. उद्या निवड समितीपुढे येणाऱ्या अर्जांत आपल्या वस्तीतलाही अर्ज असावा, आणि तो कामाच्या बळावर असावा.

जयभीम!