सॉफ्टवेअर सगळ्यांचे, पण नाव कोणाच्या नावावर? ‘कोहा’च्या वादातून काय कळते

वाचनालयाची जागा एकाच्या नावावर, वीजमीटर दुसऱ्याच्या आणि चेकवर सही तिसऱ्याची. सगळे गुण्यागोविंदाने चालले असते तोवर कोणी विचारत नाही. वाद झाला की पहिला प्रश्न येतो, कागद कोणाच्या नावावर आहे? लोकांनी मिळून चालवलेल्या सॉफ्टवेअरचेही तसेच असते. आपल्याकडे अनेक कॉलेजांच्या ग्रंथालयांत पुस्तकांची देवघेव ‘कोहा’ या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालते. त्या कोहावर ही वेळ येऊन गेली आहे.

कोहा जन्माला आले न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ या लहानशा भागात. तिथल्या लायब्ररी ट्रस्टकडे असलेली जुनी संगणक प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती. महागडी नवी प्रणाली घेण्याऐवजी ट्रस्टने १९९९ मध्ये काटिपो या स्थानिक कंपनीकडून स्वतःचीच लिहून घेतली. २००० च्या जानेवारीत ती सुरू झाली, आणि ट्रस्टने ती जगाला खुली केली. कोणीही वापरा, बदला, दुसऱ्याला द्या. फक्त पुढे देताना त्याच अटींवर द्या. ‘कोहा’ हा माओरी शब्द, अर्थ भेट. नाव अगदी शोभून दिसणारे.

फुकट सॉफ्टवेअरवर कंपन्यांनी धंदा करण्यात गैर काही नाही. बसवून देणे, दुरुस्ती, प्रशिक्षण याचे पैसे घ्यावेतच, नाहीतर काम करणाऱ्यांनी खायचे काय? २००७ मध्ये काटिपोचा कोहाचा व्यवसाय अमेरिकेतल्या लिबलाइम कंपनीने घेतला. दोन वर्षांत कुरबुर सुरू झाली. कंपनी आपण केलेल्या सुधारणा सर्वांना परत देत नाही आणि वेबसाइटवर इतरांना वाव ठेवत नाही, अशी बाकीच्यांची तक्रार होती. आता गंमत बघा. प्रोग्रॅमची प्रत उचलून वेगळी चूल मांडणे सोपे होते, परवान्यानेच ती मुभा दिली होती. पण कोहा डॉट ऑर्ग हा पत्ता कंपनीच्या हातात. वर्षानुवर्षे ग्रंथपाल ज्या पत्त्यावर येत होते, तो काही उचलून नेता येत नाही. शेवटी कोहा-कम्युनिटी डॉट ऑर्ग या नावाने नवा संसार थाटावा लागला.

तेव्हा मंडळींना शहाणपण आले. समूहाची मालमत्ता सांभाळायला कोणीतरी कायदेशीर संस्था हवी. ती जबाबदारी होरोव्हेनुआच्या त्याच लायब्ररी ट्रस्टकडे सोपवण्यात आली. हिशेबाच्या नजरेने पाहिले तर निर्णय चोख होता. नवी संस्था काढायची म्हणजे नोंदणी, घटना, ऑडिट, दरवर्षीचे रिटर्न. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोरांना यात कुठे रस असतो!

२०१० मध्ये लिबलाइमही पीटीएफएस या दुसऱ्या कंपनीकडे गेली. पुढच्या वर्षी कोहाचे आंतरराष्ट्रीय संमेलन आपल्या ठाण्यात भरले, ३१ ऑक्टोबर ते ६ नोव्हेंबर. त्याच नोव्हेंबरात बातमी आली की न्यूझीलंडमध्ये ‘कोहा’ या नावाचा ट्रेडमार्क लिबलाइमला तात्पुरता मंजूर झाला आहे. ज्या देशात सॉफ्टवेअर जन्मले, ज्या देशाच्या भाषेतला शब्द, तिथेच नावावर कंपनीचा हक्क! ट्रस्टने हरकत घेतली, खर्चासाठी लोकांकडे देणग्या मागितल्या. तिथली कॅटलिस्ट ही कंपनीही बाजूने उभी राहिली. डिसेंबर २०१३ मध्ये निकाल समूहाच्या बाजूने लागला आणि खर्चही लिबलाइमने द्यायचा ठरला. दोन वर्षे गेली त्यात. पाठीशी नोंदणीकृत संस्था नसती, तर ही लढाई कोणा एकट्याला स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या खिशातून लढावी लागली असती.

आज कोहाची नवी आवृत्ती साधारण मे आणि नोव्हेंबरमध्ये निघते. प्रत्येक आवृत्तीसाठी मुख्य जबाबदार व्यक्ती, तपासणी बघणारे, भाषांतर सांभाळणारे असे सगळे नव्याने निवडले जातात. म्हणजे किल्ल्या एकाच्याच कनवटीला राहत नाहीत, आणि एक जण दमला तर दुसरा तयार असतो.

आपल्याकडे मराठी टंकलेखनाचे साधन, पंचांगाचे ॲप किंवा वाचनालयाची यादी दोन-तीन उत्साही पोरे रात्री जागून तयार करतात. वेबसाइटचा पत्ता बहुतेक एकाच्या ईमेलवर, पैसे त्याच्याच कार्डावरून, ओटीपी त्याच्याच मोबाइलवर. पोरगा नोकरीसाठी बाहेरगावी गेला, नंबर बदलला, की नूतनीकरणाची आठवण जुन्या पत्त्यावर पडून राहते. मुदत संपल्यावर काही दिवसांची सवलत असते. ती उलटली की तो पत्ता बाजारात येतो आणि पैसे मोजणारा कोणीही घेऊन जातो.